पडण्याची नोकरी

कारखान्यात त्याला सगळे नमुना म्हणत. पहिल्याच दिवशी मालकांनी गिऱ्हाइकांना दर्शनी दालनात नेले, वॉकरच्या मुठीवर हात ठेवला आणि ‘हा आमचा नमुना’ असे सांगितले. गिऱ्हाइकांनी वॉकरकडे न पाहता त्यात पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाकडे पाहिले आणि समजल्यासारख्या माना डोलावल्या. मागे उभा असलेला वेल्डर फिसकन हसला. या शब्दाला दोन तोंडे आहेत: दाखवण्यासाठी ठेवलेली वस्तू, आणि हसण्यासाठी सापडलेला माणूस. दोन्ही अर्थ एकाच देहावर इतके चपखल बसण्याचा योग विरळा. संध्याकाळपर्यंत त्याचे खरे नाव कारखान्यातून पुसले गेले होते.

चालता न येणाऱ्यांसाठी चालण्याची साधने बनवणारा तो कारखाना होता. लहान मुलांना पोटऱ्यांपासून छातीपर्यंत आवळून उभे करणाऱ्या पिवळ्या चौकटी, पेडलला पाय बांधून चालवायच्या तीनचाकी सायकली, आणि प्रौढांसाठी छातीला व बैठकीला पट्टे असलेले मोठे वॉकर. मागच्या शेडमध्ये पाइप कापले, वाकवले, जोडले आणि रंगवले जात. मधल्या खोलीत नमुन्याची थोरली बहीण शिलाईच्या मशीनवर पट्टे शिवी. तिला सगळेच ताई म्हणत. पुढच्या बाजूला दालन होते. गुळगुळीत फरशी, भिंतीलगत मांडलेला माल, आणि समोरच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत आरसा. रोग्याने उभे राहताना स्वतःला पाहावे, म्हणजे त्याची पाठ आपोआप ताठ होते, असे मालक सांगत.

नमुन्याचे पाय जन्मापासून त्याचे ऐकत नसत. मांड्यांत थोडीफार ताकद होती, गुडघ्यांत नव्हती. पावले आत वळलेली. घरात तो तळहातांवर भार देऊन सरपटे. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत ताई त्याला पाठीवर घेई, कारण कारखान्याचा टेम्पो आत वळत नसे. तरुणपणी ताईला स्थळे आली होती. पाहुणे चहा पिताना जमिनीवर बसलेल्या भावाकडे एकदा बघत, मग एकमेकांकडे बघत, आणि चहा संपला की पुन्हा येत नसत. तिने त्याबद्दल भावाला कधी बोल लावला नाही. फक्त त्याला पाठीवर घेताना ती कधीकधी म्हणे, ‘चल माझ्या संसारा.’ तोही हसे. हसण्यावाचून त्याच्याकडे दुसरे काय होते?

कारखान्यात हा माणूस चालून दाखवण्यासाठी ठेवला आहे, असे बाहेरच्यांना वाटे. खरे पाहता तो पडण्यासाठी ठेवलेला होता.

मालकांचे प्रात्यक्षिक ठरलेले असे. आधी दोन कामगार नमुन्याला काखेत धरून दालनाच्या मध्यभागी उभे करत. मालक आवाज न चढवता म्हणत, ‘सोडा.’ कामगार बाजूला होत आणि नमुना पडे. त्याला लगेच उचलायचे नसे. मालक बोट वर करेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा कडक नियम होता; पडलेला माणूस पाहणाऱ्याच्या मनात मुरायला थोडा वेळ लागतो, असे त्यांचे मत होते. मग बोट वर जाई, नमुना वॉकरमध्ये उभा होई, ताई पुढे येऊन बकले लावी, आणि मघाशी फरशीवर पसरलेला माणूस एक एक पाऊल टाकत दालन ओलांडून जाई. आया डोळे पुसत. दवाखान्यांचे खरेदी करणारे लोक टाळ्या वाजवत. सुरुवातीला मध्यभागी रबराची चटई असे. एका प्रात्यक्षिकानंतर मालकांनी ती कायमची गुंडाळून ठेवायला लावली. चटईवर आवाज येत नाही, आणि आवाजाशिवाय पडणे पडल्यासारखे वाटत नाही, असे ते म्हणाले.

नमुन्याने चटईची तक्रार केली नाही. त्याने कला शिकून घेतली. गुडघे वाकले की हनुवटी छातीला लावायची, डावा खांदा पुढे काढायचा, मांडीच्या मांसल भागावर उतरायचे आणि त्याच क्षणी उजवा तळहात सपाट फरशीवर मारायचा. आवाज तळहाताचा असे, ऐकणाऱ्याला तो हाडांचा वाटे. या कौशल्याचा त्याला अभिमान होता, आणि वेल्डर तो अभिमान रोज टोचून बघे.

‘काय नमुनेदार पडलास रे आज,’ तो म्हणे. ‘माझा डबाच हादरला.’

‘तू जोडलेलं तुटलं तर मालक बदलून देतात,’ नमुना म्हणे. ‘मी तुटलो तर काय देणार, ते विचारून ठेव.’

‘तुझ्यासारखा दुसरा नमुना कुठं मिळतोय त्यांना?’

दोघेही हसत. कारखान्यातली मैत्री बहुतेक याच प्रकारची असते.

एवढे असून त्याच्या घरात वॉकर नव्हता, ही गोष्ट बाहेरच्या कुणाला सांगितली असती तर खोटी वाटली असती. दिवसभर ज्या साधनात तो चालून दाखवी, ते संध्याकाळी प्लॅस्टिकच्या आवरणाखाली जाई आणि तो बहिणीच्या पाठीवर. ताईची पाठ दुखू लागली, तेव्हा तिने मालकांकडे एखादा जुना, रंग उडालेला वॉकर मागितला. पट्टे मी माझ्या वेळात शिवीन, असेही म्हणाली. मालक रागावले नाहीत. ते रागावणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांनी तिला बसायला सांगितले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘बाई, विचार करा. रोज सकाळ-संध्याकाळ घरी चालला, तर पायांत जोर येणार. आपलं साधन चांगलं आहे, जोर येणारच. मग इथं पडणार कोण?’

या वाक्यात कुठे बोट ठेवावे तेच ताईला कळेना. आपल्या मालाविषयी मालक कधी इतके खरे बोलल्याचे तिने ऐकले नव्हते.

मात्र घरी जाऊन तिने नवा उद्योग सुरू केला. मशीनखाली पडलेले पट्ट्यांचे तुकडे जोडून तिने एक रुंद कमरपट्टा शिवला, तो नमुन्याच्या कमरेला बांधला आणि त्याची दोन टोके खिडकीच्या गजांना अडकवली. पाठीमागे खाट, समोर खिडकी आणि मध्ये तो, असा बेत होता. उद्देश मोठा नव्हता. त्याने क्षणभर स्वतःच्या पायांवर भार घेतला, तर तिला त्याला खाटेवरून उचलून घेण्याऐवजी नुसते वळवून न्हाणीकडे नेता आले असते. पहिल्या दिवशी तो पट्ट्यात नुसता लोंबकळला. मग गुडघे थरथरू लागले, आणि थरथरण्यासाठीसुद्धा स्नायू जागा असावा लागतो, हे पट्टे बसवताना ऐकलेल्या बोलण्यातून ताईला माहीत होते. हळूहळू पट्टा सैल ठेवला तरी चालू लागले. शेवटी शेवटी शेगडीवरचे दूध वर येईपर्यंत तो पट्ट्याशिवाय उभा राही.

दूध वर आले, की शेगडी बंद करता करता ताई म्हणे, ‘पड आता जरा.’

घरातला हा रोजचा शब्द. दमलेल्या माणसाला आपण असेच म्हणतो: पड जरा, पाठ टेक. ती असे म्हणाली की नमुना सगळे अंग एकदम सोडून देई आणि सरळ मागे खाटेवर कोसळे. हनुवटी आवळायची नाही, खांदा काढायचा नाही, तळहात आपटायचा नाही. आयुष्यातले हे एकच पडणे त्याला करून दाखवावे लागत नसे. गादीवर आदळला की तो लहान मुलासारखा हसे, आणि ताई त्याला, छपराला धक्के देऊ नकोस, आपल्याला दुसरं घर नाही, अशी तंबी देई.

कारखान्यात यातले अक्षरही बोलायचे नाही, असे दोघांत ठरलेले होते. दालनात ‘सोडा’ म्हटले की नमुना पूर्वीसारखाच पडे. फरक एवढाच झाला, की आता त्याला त्यासाठी गुडघे मुद्दाम सोडावे लागत.

पुढे मालकांनी नवा वॉकर बाजारात आणायचे ठरवले. बऱ्याच दवाखान्यांसाठी एकत्र खरेदी करणारी एक समिती तो पाहायला येणार होती. समितीने होकार दिला असता, तर कारखान्याला दुसरीकडे बघायची गरज उरली नसती. आदल्या दिवशी मालक स्वतः मधल्या खोलीत आले. ताई मशीनवर होती, नमुना तिच्या पायाशी बकले निवडत बसला होता आणि दारात वेल्डर उभा होता.

‘नमुन्या,’ मालक म्हणाले, ‘उद्या मनापासून पड. काम झालं तर जुना निळा वॉकर तुझा. तुझ्या घरी पाठवून देतो.’

‘खरंच, मालक?’

‘सगळ्यांसमोर सांगतोय. शब्द म्हणजे शब्द.’

मालक गेल्यावर वेल्डर म्हणाला, की आता तुझी तऱ्हाच न्यारी, वॉकर घेऊन गल्लीतून फिरशील, आम्हांला ओळखशील की नाही कोण जाणे. ताई हसली नाही. तिने मशीन थांबवून निळ्या वॉकरचा छातीचा पट्टा काढून आणला आणि त्याची उसवलेली शिवण तिथल्या तिथे पक्की करून टाकली. जणू वस्तू घरात आलीच होती. त्या दिवसांत सकाळी खाटेवरून उठताना तिला भिंतीला धरावे लागे. भाऊ आणखी किती दिवस पाठीवर पेलेल, हा प्रश्न तिने स्वतःला विचारणे सोडून दिले होते, कारण उत्तर तिची पाठच देत होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसताना तिने त्याला एवढेच बजावले, ‘आज पायांना विसर. पूर्वीसारखा पड.’ तो हो म्हणाला, आणि त्याच्या मनात तेच होते.

समितीचे लोक खुर्च्यांवर बसले. त्यांच्यातल्या एकाने सगळे नोंदवून ठेवावे म्हणून मोबाइल समोर धरला. कामगारांनी नमुन्याला मध्यभागी आणले. मात्र नव्या वॉकरला जागा लागणार म्हणून त्या दिवशी खुर्च्या नेहमीच्या बाजूला न मांडता आरशाच्या दोन्ही कडांना मांडल्या होत्या. नमुना नेहमी आरशाकडे पाठ करून उभा राही. त्या दिवशी तोंड आरशाकडे आले. कुणाच्या ते लक्षातही आले नाही.

मालक म्हणाले, ‘सोडा.’

नमुना पडला नाही.

समोर एक माणूस उभा होता. वाकड्या पावलांवर, थोडा डावीकडे झुकलेला, पण उभा. घरात फक्त दाढीपुरता आरसा होता, त्यात तोंडाखालचे काही दिसत नसे. दालनातल्या आरशात त्याने आजवर स्वतःला पाहिले ते पट्ट्यांत आवळलेले किंवा फरशीवर. असा नखशिखांत, कुणाचा हात न लागलेला, तो स्वतःला पहिल्यांदा दिसत होता. त्याने मान थोडी वर केली. आरशातल्या माणसानेही केली. मग त्याची पाठ ताठ झाली, आणि मालक इतकी वर्षे गिऱ्हाइकांना जे सांगत आले होते ते अक्षरशः खरे ठरले.

समितीतले एक गृहस्थ शेजाऱ्याकडे झुकून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, ‘हा तर उभा राहतोय. मग याला वॉकर कशाला?’

मालकांनी, कधीकधी स्नायू आखडतात तेव्हा असे होते, असे काहीतरी सांगून वेळ सावरायचा प्रयत्न केला. मग नमुन्याकडे पाहून ओठांतल्या ओठांत ‘पड ना रे’ म्हटले. नमुन्याने ते ऐकले की नाही, सांगता येत नाही. तो आरशात पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होते.

ताई बाजूला बकलांचा ट्रे घेऊन उभी होती. ज्या बाईने त्याला उभे राहायला शिकवले, तिने त्याला उभा पाहून काय करायला हवे होते, हे लांबून ठरवणे फार सोपे आहे. तिला त्याचे गुडघे दिसत होते. ते थरथरू लागले होते. तिला मालकांचा चेहरा दिसत होता. आणि भिंतीला लागून उभा असलेला, नव्या शिवणीचा निळा वॉकरही. आता आणखी थोडा वेळ तो उभा राहिला, तर त्याला ना वॉकर मिळणार, ना नोकरी राहणार, आणि दोघांना मिळून उरणार ती तिची पाठ. असे मनात आल्याचे तिने पुढे वेल्डरला स्वतः सांगितले, आणि त्यात काही लपवले नाही. तो पडायला हवा होता. पडणे तर त्याला येत होते. इतकी वर्षे पडत आला होता, काही झाले नव्हते.

ती म्हणाली, ‘पड आता जरा.’

दुसरा कुठलाही शब्द चालला असता. मालकांसारखे दरडावून म्हटले असते, तर त्याची हनुवटी आपोआप छातीकडे गेली असती आणि खांदा पुढे आला असता. पण तिच्या तोंडून आला तो घरातला शब्द, घरातल्याच आवाजात, आणि त्या शब्दाचा नमुन्याच्या अंगाला एकच अर्थ ठाऊक होता. त्याने सगळे सोडून दिले. चेहऱ्यावरचे हसू तसेच ठेवून तो सरळ मागे गेला, जिथे रोज खाट असे.

या वेळी आवाज तळहाताचा नव्हता.

कुणी हलले नाही. मालकांनी बोट वर केलेले नव्हते. ताईच्या हातातला ट्रे कलला आणि बकले फरशीवर विखुरली; तीही पुढे सरकली नाही, कारण नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. मघाचे गृहस्थ पुटपुटले, ‘केवढं खरं वाटतं हो.’ मालकांनी नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ घेतला, कारण नेहमीपेक्षा परिणाम अधिक झाला होता. मग बोट वर केले.

नमुन्याला उचलून नव्या वॉकरमध्ये उभे केले. त्याचा उजवा पाय कमरेपासून बाहेर वळला होता आणि आखूड दिसत होता. ताईने छातीचा पट्टा लावताना त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याने ओठ आवळून मान किंचित हलवली: लाव. तिने बैठकीचा पट्टा ओढून घट्ट केला. ‘पाहा,’ मालक म्हणाले, ‘पायात अजिबात जोर नसला, तरी पूर्ण भार पट्ट्यांवर येतो.’ ते खरेच होते. डावा पाय टाकत आणि उजवा ओढत नमुन्याने दालन ओलांडले. वाटेत त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. इतक्या वर्षांत त्याने प्रात्यक्षिक कधी बिघडवले नव्हते. समितीने टाळ्या वाजवल्या, आणि पलीकडच्या भिंतीशी पोचल्यावर तो पट्ट्यांतच बेशुद्ध झाला. ते पाहायला समिती तिथे नव्हती. मालक तिला चहासाठी आत घेऊन गेले होते.

खुब्याचे हाड मोडले होते. ते जमेल तसे जोडले गेले. आता या पायावर भार टाकायचा नाही, वॉकरमध्येही नाही आणि कशातही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

मालकांनी शब्द पाळला. निळा वॉकर, मुठींना नवी आवरणे घालून, टेम्पोने गल्लीच्या तोंडाशी आणि तिथून वेल्डरच्या खांद्यावर घरी आला. वेल्डरने तो खाटेच्या पायथ्याशी ठेवला.

नमुन्याच्या जागी दुसरा माणूस ठेवावा लागला नाही. समितीच्या माणसाने मोबाइलवर घेतलेले चित्रण मालकांनी मागवून घेतले आणि दालनात मोठ्या पडद्यावर लावले. त्यात नमुना उभा दिसतो, हसतो, पडतो, आणि मग चालतो. उभे राहण्याचा भाग मालकांनी कापून टाकला. गिऱ्हाइके आली की तो दिवसातून अनेकदा पडे, एकाही दिवसाची रजा न घेता. कापूनही शेवटचे शब्द मात्र राहून गेले. मधल्या खोलीत मशीनवर बसलेल्या ताईला भिंतीपलीकडून स्वतःचा आवाज ऐकू येई, ‘पड आता जरा’, आणि पाठोपाठ तो दुसरा आवाज. एकदा ती मालकांकडे गेली आणि निदान आवाज तरी बंद ठेवा, असे म्हणाली. मालकांनी तिला बसायला सांगितले.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘तुम्ही तर जाणता. आवाजाशिवाय कसं चालेल?’

तिची पाठ त्याच वर्षी पुरती गेली. खाट आणि न्हाणी यांच्यामधले अंतर तिला मोकळ्या हातांनी कापता येईना. घरात निळा वॉकर उभाच होता, वाळत घातलेल्या कपड्यांखाली. तिने कपडे काढले, मुठी आपल्या उंचीवर आणल्या आणि पट्टे सोडवून ठेवले. आता ती तो ढकलत घरभर फिरते. खाटेवरून नमुना तिला शिकवतो, कारण या साधनावर चालणे त्याच्याइतके कुणालाच कळत नाही. टाच आधी टेक. खांदे वर नको उचलू. नजर जमिनीवर नको, समोर. तो चांगला शिकवतो, आणि तीही निमूटपणे ऐकते. आवाज न चढवता बोलण्याची त्याची ही पद्धत थेट मालकांची आहे, असे वेल्डरला वाटते.

एकच शब्द त्या घरात ती आता वापरत नाही. तो मात्र वापरतो. दूध वर येते, ती शेगडी बंद करते आणि वॉकरच्या मुठी धरून दम खात खोलीच्या मध्यभागी उभी राहते. तिच्या मागे काही नसते. तो तिच्याकडे बघत असतो. मग अगदी मायेने म्हणतो, ‘ताई, पड आता जरा.’

तिची बोटे मुठींवर घट्ट होतात, आणि ती उभीच राहते.